ती तेथें कां गेली होती?

श्रोतेहो, धायरीस धारेश्वराच्या टेकडीखालीं आम्हां चार-सहा निवृत्त मंडळींची रोज सकाळीं एक बैठक जमते. फिरणें झालें म्हणजे वर्तमानपत्र उघडतें आणि त्यांतील बातम्यांचा परामर्श घेतला जातो. मोटारीच्या अपघाताची बातमी असली तर आम्ही मोटार हांकणारासंबंधानें बोलतों. दरोड्याची असली तर दरोडेखोरांसंबंधानें. लांचेची असली तर लांच घेणारासंबंधानें. परंतु एखाद्या मुलीवर वा स्त्रीवर बलात्कार झाल्याची बातमी आली कीं बोलण्याचा ओघ एकाएकीं फिरतो. अपराध ज्यानें केला तो बाजूस राहतो, आणि कोणी तरी सभ्य गृहस्थ अगदीं सहज विचारतात, "पण ती त्या वेळीं तेथें कां गेली होती?"

हे गृहस्थ दुष्ट नसतात. ते स्वतः मुलींचे बाप असतात, आणि त्या दुर्दैवी मुलीविषयीं त्यांच्या मनांत कींवहि असते. तरी प्रश्न तोच येतो. मी जन्मभर मुलांना इतिहास शिकविला. एखादी खोड समाजास कोठून लागली आणि तिनें काय काय केलें हें पाहण्याची मला संवय आहे. म्हणून आज या एका प्रश्नाचाच थोडा इतिहास आपणांसमोर मांडावा असें मनांत आहे. हा प्रश्न मीं स्वतःहि एकदां विचारलेला आहे. ती हकीकत शेवटीं सांगेन.

आरंभ आमच्या जवळच्याच एका गांवापासून करूं. पुण्याहून कात्रजचा घाट ओलांडला म्हणजे खेड-शिवापूरचा मुलूख लागतो. शिवकालीं त्यास खेडेबारें असें म्हणत. रांझें हें गांव त्याच तरफेंतलें. या गांवचा मुकादम, म्हणजे पाटील, बाबाजी भिकाजी गुजर याच्यासंबंधींचें १६४६ च्या जानेवारींतील एक पत्र प्रसिद्ध आहे. शिवाजीमहाराजांना तेव्हां सोळावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. पाटिलाकडून ‘बदअमल’ झाला ही गोष्ट कानांवर येतांच त्यास आणविलें, चौकशी केली, आणि अपराध शाबीत झाल्यावर त्याचे हातपाय तोडवून पाटिलकी काढून घेतली. पत्रांतला शब्द ‘बदअमल’ एवढाच आहे. तो स्त्रीवरील अत्याचार होता असें परंपरा सांगते. कागद काय बोलतो आणि परंपरा काय सांगते हें इतिहासाच्या शिक्षकानें वेगळें ठेवलें पाहिजे, म्हणून हा खुलासा.

आपल्या व्याख्यानांतून या हकीकतींतली शिक्षा तेवढी गाजते. हातपाय तोडले असें म्हटलें कीं टाळ्या पडतात. ती शिक्षा त्या काळाची होती. आजच्या राज्यांत तिची मागणी करणें मला योग्य वाटत नाहीं. माझें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. अपराधी हा सामान्य मनुष्य नव्हे, गांवचा वतनदार होता. आणि चौकशी झाली ती त्याच्या वर्तनाची झाली. पाटिलानें काय केलें, एवढाच विचार त्या पत्रांत आहे. दुसऱ्या कोणाची वर्तणूक तपासल्याचें त्यांत दिसत नाहीं. शिक्षेची कठोरता ही एक गोष्ट आणि चौकशीची दिशा ही दुसरी. आपण पहिलीचा जयजयकार करतों आणि दुसरी विसरतों. चौकांत उभें राहून ‘तोडा त्याचे हातपाय’ असें ओरडणाराच सायंकाळीं घरीं येऊन ‘पण ती तेथें कां गेली होती?’ असें विचारतो, आणि यांत कांहीं विसंगति आहे हें त्यास जाणवतहि नाहीं.

आतां दोन शतकें ओलांडून आपण पुणें शहरांत, १८६३ सालीं येऊं. त्या काळीं वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत विधवेस पुनर्विवाह नव्हता. दहा-बारा वर्षांची पोर विधवा झाली कीं तिचें केशवपन होई आणि सासरच्या वा माहेरच्या स्वयंपाकघरांत तिचा जन्म जाई. ज्या घराचा आश्रय, त्याच घरांतला कोणी आप्त पुष्कळदां तिच्या असहायतेचा फायदा घेई. तिला दिवस गेले म्हणजे त्या पुरुषाचें नांव कोणी उच्चारीत नसे. पंगतींतलें त्याचें पान हलत नसे. विधवेपुढें मात्र दोनच वाटा उरत. एक विहिरीची, आणि दुसरी जन्मलेल्या अर्भकाच्या गळ्यास नख लावण्याची. दुसऱ्या वाटेनें गेली तर सरकारचा कायदा तिला धरी. तिचें पाप सर्वांस दिसे. तिच्यावर झालेला बलात्कार कोणास दिसत नसे.

अशा वेळीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं गंज पेठेंतल्या आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें आणि सुखरूप बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें किंवा येथेंच ठेवावें, अशा अर्थाच्या जाहिराती त्यांनीं लाविल्या. या गोष्टीचें महत्त्व आपण नीट ओळखलें पाहिजे. अन्नवस्त्र देणारे उदार लोक पुण्यांत पूर्वींहि होते. पण ज्या विचारपुशीच्या भीतीनें त्या बायका विहिरीपर्यंत जात, ती विचारपूस ज्याच्या उंबऱ्याच्या आंत नाहीं असें घर पुण्यांत नव्हतें. तें या दांपत्यानें निर्माण केलें. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. त्याचें नांव यशवंत. तो पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करतां करतां वारल्या, त्या वेळीं तोहि त्या कामांत होता. ज्यास जन्मतःच मारून टाकावें असें समाजाचें मत, त्यानें त्याच समाजाच्या रोग्यांची नाडी धरली.

यानंतर अठरा वर्षांनीं, १८८१ सालीं, सुरतेस एका विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला. प्रथम तिला फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. पुढें ती कमी झाली. या निमित्तानें वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर लेख येऊं लागले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं लेखणी उचलली. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें त्यांचें पुस्तक १८८२ सालीं पुण्यांतच, श्रीशिवाजी छापखान्यांत छापलें गेलें. त्यांचा रोख असा कीं, जे दुर्गुण तुम्ही आमच्या माथीं मारतां ते तुम्हां पुरुषांच्या अंगीं अधिक आहेत कीं नाहींत तें आधीं पाहा. विधवेस मोहांत वा संकटांत लोटणारा पुरुष कोठें गेला तें सांगा. आणि मग तिचा न्याय करा. ताराबाईंनीं दयेची याचना केली नाहीं. त्यांनीं प्रश्नाचें तोंडच फिरविलें. पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनीं १८८५ सालीं ‘सत्सारां’त त्यांची बाजू घेतली. परंतु ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं, आणि हेंहि लवकरच विस्मृतींत गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हा छापून प्रकाशांत आणलें. मध्यें जवळजवळ शंभर वर्षें गेलीं.

समाजाची ही खोड कायद्याच्या पुस्तकांतहि उतरली होती. १८७२ सालीं इंग्रज सरकारनें पुराव्याचा कायदा केला. त्याच्या १५५ व्या कलमांत असें होतें कीं, बलात्काराच्या आरोपीनें फिर्यादी स्त्री ही सामान्यतः अनीतिमान आहे असें दाखवावें आणि तिच्या साक्षीवरील विश्वास उडवावा. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यांत पुरुष उभा, पण चारित्र्याची झडती स्त्रीची. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली. हें कलम मात्र होतें तेथेंच राहिलें.

कायदा होऊन बरोबर शंभर वर्षें झालीं, आणि १९७२ सालच्या मार्च महिन्यांत वैनगंगेच्या कांठच्या देसाईगंज येथें एक घटना घडली. हें गांव आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे. त्या वेळीं चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. चौदा ते सोळा वर्षांच्या वयाची एक आदिवासी मुलगी. आईबाप वारलेले, भावाजवळ राहणारी, मोलमजुरी करणारी. एका तरुणाशीं विवाह करण्याचें तिच्या मनांत होतें. भावास तें पसंत नव्हतें. त्यानें तिला पळवून नेल्याची तक्रार केली, आणि जबाब घेण्यासाठीं सर्वांना पोलिस ठाण्यांत बोलावण्यांत आलें. जबाब होईतों रात्र झाली. बाकीच्यांना जाण्यास सांगण्यांत आलें आणि मुलीस मागें ठेवण्यांत आलें. तेथील दोघां पोलिसांपैकीं एकानें आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्यानें आपली विटंबना केली, अशी तिची तक्रार होती. बाहेर तिचे आप्त आणि गांवचे लोक जमले होते.

हा खटला पुढें देशभर त्या मुलीच्याच नांवानें ओळखला गेला. मी तें नांव घेणार नाहीं. तिच्या नांवाचा उच्चार पुष्कळ झाला; तिला त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानें १९७४ सालीं दोघांहि आरोपींना सोडून दिलें. मुलगी खोटें बोलते, तिचा पूर्वींच शरीरसंबंध आलेला आहे, अर्थात् येथेंहि तिची संमति असली पाहिजे, अशी ती विचारसरणी होती. १९७६ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें हा निकाल फिरविला. भीतीनें गप्प राहणें म्हणजे संमति नव्हे, असें या न्यायालयानें म्हटलें, आणि एकास पांच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. शेवटीं प्रकरण दिल्लीस गेलें. १५ सप्टेंबर १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोघांना पुन्हा निर्दोष ठरविलें. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. तिनें आरडाओरड केली नाहीं. त्या अर्थीं तिनें विरोध केला ही गोष्ट खरी मानतां येत नाहीं, असा तो तर्क होता.

श्रोतेहो, आपल्या प्रश्नाची येथें खरी परीक्षा होते. ती तेथें कां गेली होती? उत्तर सरळ आहे. तिला तेथें बोलाविलें होतें म्हणून. ती रात्रीं अंधाऱ्या वाटेनें भटकत नव्हती. सरकारच्या दिव्याखालीं, सरकारी गणवेशाच्या समोर बसली होती. आपण मुलींना शिकवितों कीं, संकट आलें तर पोलिसांकडे धांव घे. जी आधींच पोलिसांच्या दारांत आहे तिनें कोणास हांक मारावी? ठाण्यांतल्या शिपायानें रात्रीं मुलीस मागें कां ठेवलें, या प्रश्नाचें ओझें त्याच्यावर पडावयास पाहिजे होतें. तें पडलें नाहीं. ती कां ओरडली नाहीं, याचें ओझें तेवढें तिच्यावर पडलें.

निकालास एक वर्ष होऊन गेलें. १६ सप्टेंबर १९७९ रोजीं कायद्याच्या चार अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस एक अनावृत पत्र लिहिलें: दिल्लीचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार, व आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. शरण जाणें आणि संमति देणें यांतला भेद न्यायालयानें पाहिला नाहीं, एका गरीब, अशिक्षित, अल्पवयी मुलीची पोलिसांपुढें काय अवस्था होते याचा विचार केला नाहीं, हें त्यांनीं आदरानें पण अगदीं स्पष्ट शब्दांत मांडलें. सर्वोच्च न्यायालयास असें पत्र लिहिणें त्या काळीं लहान धाडस नव्हतें. तें पत्र वर्तमानपत्रांत येतांच १९८० सालीं मुंबई, नागपूर, दिल्ली अशा ठिकाणीं स्त्रिया रस्त्यावर आल्या. बलात्काराविरुद्ध देशांत इतक्या उघडपणें मोर्चे निघाले ते तेव्हां. फेरविचाराचा अर्ज नाकारला गेला. आरोपींची सुटका कायम राहिली. परंतु विधि आयोगानें त्याच वर्षीं या विषयावर आपला ८४ वा अहवाल सादर केला, आणि १९८३ सालीं कायदा बदलला.

हा बदल काय झाला तें सोप्या शब्दांत सांगतों. पोलिसांच्या वा अशाच अधिकाऱ्यांच्या ताब्यांत असतांना स्त्रीशीं संबंध आल्याचें सिद्ध झालें, आणि आपली संमति नव्हती असें तिनें न्यायालयांत सांगितलें, तर संमति नव्हती असेंच न्यायालयानें गृहीत धरावें. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. अशा खटल्याची सुनावणी बंद दाराआड व्हावी, आणि पीडित स्त्रीचें नांव छापणें हा गुन्हा मानला जावा. देसाईगंजच्या मुलीस जो न्याय मिळाला नाहीं तो तिच्यामागून येणाऱ्यांना मिळण्याची वाट अशी उघडली.

१८७२ सालचें तें चारित्र्याचें कलम रद्द होण्यास मात्र २००२ सालचा शेवट उजाडावा लागला. एकशें तीस वर्षें तें जगलें. २०१२ च्या डिसेंबरांत दिल्लीस झालेल्या भीषण प्रकारानंतर न्यायमूर्ति वर्मा यांची समिति नेमली गेली, आणि २०१३ च्या कायद्यानें दोन गोष्टी निःसंदिग्ध केल्या: स्त्रीनें झटापट केली नाहीं एवढ्यावरून तिची संमति होती असें मानतां येणार नाहीं, आणि तिचा पूर्वींचा संबंध कोणाशीं होता वा नव्हता याचा संमतीशीं कांहीं संबंध नाहीं. पीडित स्त्रीच्या पूर्वायुष्याचा अंदाज घेण्यासाठीं वैद्यकीय तपासणीच्या नांवाखालीं जी दोन बोटांची चांचणी होत असे, ती करणारास दोषी धरावें असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं बजावलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. संमतीची ही व्याख्या तिच्यांतहि कायम आहे. कायद्याच्या पुस्तकानें असा तो प्रश्न हळूहळू पुसून टाकला. घरांतून, कट्ट्यावरून, शिक्षकांच्या खोलींतून तो पुसण्याचें काम कोणत्याहि कायदेमंडळास करतां येणार नाहीं.

शिक्षकांच्या खोलीचें नांव घेतलें, तेव्हां आतां माझी हकीकत सांगितली पाहिजे. मी जुन्या अकरावीचा, मॅट्रिक झालेला मनुष्य. १९८१ सालीं एका गांवच्या शाळेंत नवखा शिक्षक होतों. देसाईगंजच्या खटल्याविषयीं मीं वर्तमानपत्रांत सर्व वाचलें होतें. निकालाचा मला संताप आला होता, आणि त्यावर मी तावातावानें बोलतहि असें. अशांत सातवींतली एक मुलगी आठ दिवस शाळेंत आली नाहीं. नवव्या दिवशीं तिचे वडील आले. शाळा सुटल्यावर कालव्याच्या वाटेनें घरीं जातांना ओळखीच्याच एका माणसानें तिच्यावर अत्याचार केला, हें त्यांनीं खालच्या मानेनें सांगितलें. पोलिसांत जावें कीं न जावें, एवढें विचारण्यास ते आले होते. आणि माझ्या तोंडून पहिलें वाक्य निघालें तें हें: "पण ती कालव्याच्या वाटेनें एकटी कां गेली?"

ते कांहीं बोलले नाहींत. डोक्यावरची टोपी सारखी केली, "बरं गुरुजी" म्हणाले, आणि उठले. पोलिसांत कोणी गेलें नाहीं. दोन दिवसांनीं ते शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास आले. तो मींच लिहिला. शाळा सोडण्याचें कारण: घरगुती अडचण. वर्तणूक: चांगली. त्या मुलीच्या वर्तणुकीसाठीं छापील रकाना होता. त्या माणसाच्या वर्तणुकीसाठीं कोणत्याहि कागदावर रकाना नव्हता. तो ठाण्यांतल्या एका वहींत उघडला गेला असता. माझ्या एका प्रश्नानें तें दार लागलें. पुढें केव्हां तरी त्या बाजूस जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां समजलें कीं तिच्या वस्तीकडे जाण्यास कालव्याखेरीज दुसरी वाटच नव्हती.

त्या न्यायाधीशांवर मी संतापलों होतों. पण त्यांनीं जो प्रश्न केला तोच मीं केला होता. त्यांना निदान साक्षीपुरावा तपासावा लागला. मला तेवढेंहि करावेंसें वाटलें नाहीं. हा प्रश्न आपण कां विचारतों, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतें, तो आपण भीतीनें विचारतों. तिचें कांहीं चुकलें असेल तर तें टाळून आपल्या मुलींना आपण वांचवूं, असा दिलासा आपणांस हवा असतो. हा दिलासा खोटा आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याची मुलगी देते.

आज कायदा माझ्यासारख्या शिक्षकासहि सोडीत नाहीं. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचें ज्यास समजलें त्यानें तें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. न कळविणें हा गुन्हा आहे. तक्रार कोणत्याहि पोलिस ठाण्यांत देतां येते. हद्दीचें कारण सांगून परत पाठवितां येत नाहीं. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, उपचार विनामूल्य आणि तत्काळ मिळाले पाहिजेत. ११२ हा क्रमांक सर्वांसाठीं आहे, आणि बालकांसाठीं १०९८. या गोष्टी घरांतल्या भिंतीवर पंचांगाशेजारीं लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

परंतु या सर्वांच्या आधीं एक वाक्य येतें. पीडित मुलगी किंवा तिचे आईबाप जेव्हां तोंड उघडतात, तेव्हां समोरच्या माणसाच्या पहिल्या वाक्यावर पुढचें सारें अवलंबून असतें. "तुझें कांहीं चुकलेलें नाहीं; मी तुझ्याबरोबर येतों," एवढेंच तें वाक्य. १९८१ सालीं तें मला सुचलें नाहीं. आपणांस तें आजच पाठ असावें, एवढ्यासाठीं हें भाषण.

आणि उद्यां सकाळीं टेकडीखालच्या बैठकींत, रेल्वेच्या डब्यांत वा दिवाणखान्यांत कोणी सद्गृहस्थ वर्तमानपत्र खालीं ठेवून "ती तेथें कां गेली होती?" असें विचारतील, तेव्हां त्यांच्याशीं भांडण्याचें कारण नाहीं. मीहि त्यांच्यांतलाच होतों. त्यांस शांतपणें एवढेंच विचारावें कीं, "तो तेथें काय करीत होता?"